माळवद पाडण्याआधी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या जुन्या गावांची मांडणी मातीने ठरवली. शेती काळीत, वस्ती पांढरीवर. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाया टिकत नाही. म्हणून घरे पांढरीवर एकमेकांना लागून उभी राहिली आणि तीच पांढरी माती माळवदावर, म्हणजे सपाट छतावर, चढली. दगडमातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब-तुळयांचे खण, वर फळ्या आणि माती. असे घर भर उन्हाळ्यातही थंड राहते. पण 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली जिल्हा 4.5 तीव्रतेच्या धक्क्यांनी हादरला आणि माळवदे पाडून टाकावीत असे वाटणे साहजिक झाले. तरीही अख्खे घर पाडण्यापूर्वी त्यात धोका नेमका कुठे आहे हे पाहायला हवे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. भिंतीला दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्याने पदर सुटले. वर वर्षानुवर्षे नवी माती पडत गेल्याने छत फार जड झालेले. मात्र कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभाच होता. म्हणजे दोष भिंतीच्या सांधणीत आणि छताच्या ओझ्यात आहे, खणात नाही.

यावर कोणी म्हणेल, सागवानी खण परवडला कोणाला? हे खरेच आहे. गरिबाचे छत थेट भिंतीवर टेकते, म्हणून मदत आधी त्याच घरांना मिळाली पाहिजे. सिमेंटचा स्लॅब हे मात्र आपोआप उत्तर ठरत नाही. जुन्या मातीच्या भिंतींवर तो टाकला तर ओझे तसेच राहते. गावच हलवावे, हा पर्यायही किल्लारीनंतर वापरून झाला. 52 गावे नव्या जागी वसली. घरे भक्कम मिळाली, पण सरळ रस्त्यांच्या आखणीत ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, आणि शेजारची भिंत हरवली. तो तुटलेपणा मी किरकोळ मानत नाही.

त्यापेक्षा भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवणे, भिंत खांबांशी जखडणे आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवणे ही कामे गावातला गवंडी आणि सुतार करू शकतात. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितले होते. छतावरचे असे ओझे उतरवायला तर पैसाही लागत नाही.