रिमोटचं विमान : लेखांक 7 – पुशरॉडचे सांधे

मागच्या लेखात आपण सर्व्होचा जोर मोजला. नेहमीच्या आकाराचा सर्व्हो 3 ते 4 किलो-सेंमी जोर देतो, म्हणजे त्याच्या आर्मच्या 1 सेंमीवरच्या भोकातून तो पुशरॉड 3-4 किलोच्या जोराने ओढतो. तेवढा ताण पुशरॉडच्या दोन्ही टोकांच्या जोडण्यांवर येतो. विमानातलं हे सगळ्यात स्वस्त सामान, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. पण रडर निसटला तर आयलेरॉनवर विमान वळवून उतरवता येतं. एलिव्हेटर निसटला तर बहुतेक वेळा विमान जातंच. त्यामुळे जोडणी कुठे बसणार, हे आधी ठरवा आणि मग वस्तू निवडा.

माझी पहिली पसंती झेड-बेंडला. तारेलाच झेडसारखा बाक देऊन ती सर्व्होच्या आर्ममध्ये ओवायची. सुटण्यासारखा भागच नाही. लांबी मात्र बदलता येत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला आटे असलेला क्लेव्हिस, म्हणजे दोन पात्यांचा चिमटा, लावायचा.

क्लेव्हिस घेताना आटे नीट तपासा. अमेरिकी सामानात 2-56 हे माप असतं, मेट्रिक सामानात एम2. दिसायला सारखेच, पण 2-56 चा व्यास सुमारे 2.18 मिमी आणि एम2 चा 2. एम2 रॉडवर 2-56 चा क्लेव्हिस सहज फिरतो, आणि जोर आला की सरळ उपसून येतो. रॉडचं टोक क्लेव्हिसच्या दोन पात्यांमध्ये दिसेपर्यंत फिरवा. धातूचा असेल तर मागे चेकनट आवळा. पाती उघडू नयेत म्हणून वरून सिलिकॉन इंधननळीची छोटी रिंग चढवा. ही रिंग नसेल तर विमान उडवू नका.

ग्रब स्क्रूने तार आवळणारा कनेक्टर जुळवायला सोपा, म्हणून फार वापरला जातो. पण तार फक्त स्क्रूच्या दाबावर धरलेली असते आणि इंजिनाच्या थरथरीने स्क्रू सैल होतो. थ्रॉटलला तो ठीक, हलक्या फोमच्या विमानालाही चालेल. इंजिनाच्या विमानात एलिव्हेटरला अजिबात नको. वापरायचाच असेल तिथे तारेवर कानशीने छोटा सपाट भाग करा आणि स्क्रूला थ्रेडलॉकचा थेंब द्या. तो प्लॅस्टिकवर सांडू नये, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

रॉड तिरका येत असेल तर बॉल लिंक उत्तम. मोठ्या विमानात बोल्ट आरपार जाणारी घ्या.

आता प्ले, म्हणजे जोडणीतला ढिलेपणा. भोक तारेपेक्षा मोठं असेल तर कंट्रोल सरफेस डुलतो आणि वेगात फ्लटर, म्हणजे सरफेसची जोरदार फडफड, सुरू होऊ शकतो. मग बिजागरी तुटायला क्षणही पुरतो. जोडणीत 0.2 मिमी प्ले असेल आणि हॉर्नचं (सरफेसवरच्या, पुशरॉड जोडायच्या दांड्याचं) भोक बिजागरीपासून 10 मिमीवर असेल, तर सरफेस एक अंशाहून जास्त हलतो; 20 मिमीवर त्याच्या निम्मा. म्हणून हॉर्नचं बाहेरचं भोक वापरा, आणि हालचाल पुरेशी मिळत असेल तर आर्मचं आतलं.

मैदानावर गेल्यावर, उड्डाणाआधी, रेडिओ चालू करून प्रत्येक सरफेस बोटांनी हलवून पाहा. टकटक जाणवली तर त्या दिवशी विमान जमिनीवरच राहू द्या.