टाळूवरचा खड्डा: कॅन्सरसारखा दिसणारा, पण कॅन्सर नसलेला

लाळग्रंथी म्हटलं की कानापुढची किंवा जबड्याखालची आठवते. पण ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तराखाली ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी असतात. आज त्यांच्या एका दुर्मीळ विकाराबद्दल बोलू. नाव जिभेला जड आहे: नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया. १९७३ साली अब्राम्स, मेलरोझ आणि हॉवेल यांनी त्याचं वर्णन केलं.

रुग्ण सांगतो, आधी टाळू सुजला, दुखला. मग ‘तुकडाच गळून पडला’ आणि दुखणं कमी झालं. आपल्याला दिसतो एक ते पाच सेंटीमीटरचा खोल खड्डा. त्यात माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर मनात एकच शब्द येतो.

घडलेलं असतं वेगळंच. ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. कधी दात काढताना टाळूत दिलेलं भुलीचं इंजेक्शन, कधी रुतणारी कवळी, कधी धूम्रपान किंवा वारंवार उलट्या. बरेचदा कारण सापडतही नाही.

खरी फसगत होते ती सूक्ष्मदर्शकाखाली. मेलेल्या ग्रंथीच्या नळ्यांमधल्या पेशी त्वचेसारख्या चपट्या होतात आणि खोलवर त्यांची बेटं दिसतात. आत घुसलेला कॅन्सर असाच दिसतो की! मग फरक ओळखायचा कसा? आराखडा बघा. द्राक्षं सुकली तरी घडाचा आकार राहतो ना, तसा ग्रंथीच्या खंडांचा आकार इथे शाबूत असतो. पेशींची केंद्रकंही शांत, एकसारखी असतात. कॅन्सर हा आकार मोडून पुढे सरकतो.

म्हणून वरवरचा टवका काढून भागत नाही. खड्ड्याची कडा आणि खोलवरची ग्रंथी, दोन्ही बायोप्सीत यायला हवीत. आणि फॉर्मवर ‘तीन आठवड्यांपूर्वी टाळूत इंजेक्शन’ एवढं तरी लिहा हो! निम्मे फॉर्म कोरेच येतात.

निदान चुकलं तर टाळूचा भाग काढला जातो. मग पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं, भोक झाकायला कायमची प्लेट लागते. आणि हे अशा जखमेसाठी, जी बहुधा सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरली असती.

याचा अर्थ बायोप्सी न करता वाट बघा, असा मुळीच नाही. टाळूवर खरा कॅन्सरही होतो. बायोप्सी करायची, जखम दर आठवड्याला मोजायची, आणि भरत नसेल तर पुन्हा बायोप्सी.