चौल: खाडीच्या दोन काठांवरचं एक बंदर

भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोत चढवायची, मांडव्याला उतरवायची आणि अलिबाग मागे टाकून नागाव, चौल, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद करत मुरूड गाठायचं, ही वाट आता मुंबईकरांच्या पायाखालची झाली आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून चाकांवर बिऱ्हाड घेऊन किनारा पाहण्याच्या योजनाही कागदावर आल्या. या वाटेवर चौलच्या वाट्याला येतं ते फार तर रामेश्वराच्या पुष्करणीपाशी दहा मिनिटं थांबणं. पुढे रेवदंड्याला ‘पोर्तुगीज किल्ला’ आणि पुलापलीकडे कोर्लईला ‘दीपगृहाचा पॉइंट’. तीन थांबे, तीन वेगळी छायाचित्रं. ही वाटणीच मुळात चुकीची आहे. चौल, रेवदंडा आणि कोर्लई ही तीन स्थळं नसून कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या एकाच बंदराचे तीन अवयव आहेत, आणि सुटे सुटे पाहिले तर त्यांतल्या एकाचाही अर्थ लागत नाही.

बंदर किती जुनं, तर कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल म्हणून येतं आणि टॉलेमीच्या भूगोलात सिमुल्ला म्हणून. दहाव्या शतकाच्या आरंभी, शिलाहारांच्या राज्यात, अरब प्रवासी मसूदी इथे आला. त्याने सैमूर म्हणून या गावाची नोंद केली आणि ओमान, बसरा, बगदादकडच्या सुमारे 10,000 मुसलमानांची वस्ती सांगितली. तिचा स्वतःचा प्रमुख होता आणि त्याला राजाची मान्यता होती. 1469 च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितिन विकायला एक घोडा घेऊन याच धक्क्याला उतरला. चौलहून पाली, तिथून घाट चढून जुन्नर, असा चोवीसेक दिवसांचा प्रवास त्याने लिहून ठेवला आहे. जुन्नरच्या खानाने घोडा अडकवून ठेवला, तो सोडवताना त्याच्या नाकी नऊ आले. आजच्या पर्यटकाला चौल हे समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं नाकं वाटतं. निकितिनसाठी ते समुद्र संपून रस्ता सुरू होण्याचं ठिकाण होतं. या गावाची सारी श्रीमंती त्या सांध्यावर उभी होती.

तिन्ही मिळून एकच बंदर, या म्हणण्यावर पहिली हरकत अशी निघते की रेवदंडा पोर्तुगीजांनी उभारला, त्याचा जुन्या चौलशी संबंध तो काय? पण खुद्द पोर्तुगीज कागदपत्रांत रेवदंड्याचं नाव चौलच आहे. जुन्या, निजामशाही गावाला ते वरचं चौल म्हणत. 1508 मध्ये इजिप्तच्या आरमाराने व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सू याला ठार केलं, ती लढाई याच खाडीत झाली. त्यानंतर 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने खालच्या अंगाला कोट उठू लागला. दोन्ही चौलं एकमेकांच्या व्यापारावर जगली आणि एकमेकांवर डोळा ठेवून राहिली. मुर्तजा निजामशहाने 1570-71 मध्ये रेवदंड्याला वेढा घालून पाहिला, तो फसला. मग 1594 मध्ये निजामशाहीने पलीकडच्या काठावर, कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. रेवदंड्याचं मुख तिथून बंद करता येतं, हे ओळखून पोर्तुगीजांनी त्याच वर्षी तो जिंकून घेतला. एक काठ हातचा गेला की दुसरा निकामी होतो, हे त्या काळच्या तोफखान्याला कळत होतं. 1740 मध्ये मराठ्यांच्या ताब्यात गेले तेही रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: आता पाहण्यासारखं उरलंय काय? चौलच्या राजकोटाचे अवशेष शोधावे लागतात, हमामखान्याची पडझड झाली आहे, डेक्कन कॉलेजच्या उत्खननातलं वैभव रस्त्यावरून दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली, मुंबई वाढली, चौलचे विणकरही तिकडे गेले. (मुंबईकर इथे हवापालटाला येतो तेव्हा त्याच्या शहराने काय काय उचलून नेलं हेही त्याने पाहावं.) बंदर मेलं आणि जमिनीवर नारळी-पोफळीच्या वाड्या उभ्या राहिल्या. रेवदंड्यात सडक कोटाच्या दरवाजातून आत शिरते आणि आत तटाला टेकून वाड्या, घरं, पाण्याचे पाट. सातखणी मनोरा, म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा बुरुज, वरचे खण गमावून माडांच्या गर्दीत उभा आहे. म्हणून चौल बघायला सुरुवात अवशेषांपासून करूच नये. आधी दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात. वरून वाड्यांचा हिरवा पट्टा, त्याच्या टोकाला रेवदंडा, खाडीचं मुख आणि समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर एका नजरेत येतात. मग तोच देखावा उलट बाजूने, कोर्लईच्या चिंचोळ्या माथ्यावरून पाहावा: एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. खाली कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून घरात बोलली जाते. दगड पडले तरी बंदराची माणसं राहिली, याला याहून मोठा पुरावा नको.

आता गाडीचा प्रश्न. दोन टेकड्या चढायच्या तर मुक्काम हवा, आणि त्या अर्थी चाकांवरचं बिऱ्हाड ही कल्पना चौलला सोयीची आहे. पण अष्टागरातल्या, म्हणजे या किनारपट्टीतल्या आळ्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. दोन कुंपणांमधून मोठी गाडी घुसली की मागे घ्यायलाही जागा नाही. शिवाय जमीन वाळूची आणि विहिरी उथळ. गाडीतलं सांडपाणी जिथे सोडाल तिथून ते पोफळीच्या मुळाशी आणि मग घरच्या रहाटात यायला वेळ लागत नाही. तेव्हा गाड्यांचा तळ हमरस्त्यालगत, सांडपाण्याची पक्की सोय करून असावा, आणि तिथून पुढे पायी किंवा गावच्या मिनीडोर रिक्षाने जावं. भाडंही गावातच राहील. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात कुंडलिकेवर नवा पूल आखलेला आहे. तो वाहता झाला की गाड्या आणखी वेगाने पुढे निघून जातील, म्हणून या तळाची जागा आणि दोन्ही काठ एकत्र दाखवणारा नकाशा त्याआधीच ठरायला हवा.