गोवराचे मृत्यूप्रमाण कसे मोजतात

गोवर झालेल्या दर शंभर मुलांमागे किती दगावतात, या आकड्याला गोवराचे मृत्यूप्रमाण म्हणतात. विषाणू सगळीकडे एकच असला तरी हा आकडा वस्तीगणिक बदलतो. अमेरिकेत तो हजारी एक ते तीन आहे. भारतातल्या वस्तीपातळीवरच्या पाहण्यांचा 2009 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा मधला आकडा शेकडा दीडच्या थोडा वर निघाला. काही पाहण्यांत एकही मृत्यू नव्हता, तर काहींत प्रमाण शेकडा पाचाच्याही पुढे गेले होते.

या तफावतीचा काही भाग मोजणीतूनच येतो. भागाकारात वर मृत्यू आणि खाली रुग्ण असतात. मृत्यू सहसा लपत नाही, रुग्ण मात्र लपतात. अंगावर गोवर उठला की कडुलिंबाचा पाला ठेवून मुलाला घरीच निजवायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि असे मूल कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत येत नाही. समजा, एका वस्तीत दोनशे मुलांना गोवर झाला, दोन दगावली, पण दवाखान्यात वीसच पोहोचली. नोंदवही शेकडा दहा सांगेल. खरे प्रमाण शेकडा एक आहे. मुंबईत ऑक्टोबर 2022 मध्ये गोवंडीच्या रफीनगरात लागोपाठ तीन मुले गेली, तेव्हा साथीकडे लक्ष गेले आणि घरोघर रुग्णांचा शोध जोरात सुरू झाला. मृत्यूने उघड झालेल्या साथीचे प्रमाण सुरुवातीला फुगलेले दिसते ते यामुळेच.

उलट दिशेची चूकही होते. पुरळ मावळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मूल न्यूमोनियाने किंवा जुलाबाने जाते आणि नोंदीत गोवराचे नावही राहत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून साधारण महिनाभरातले मृत्यू गोवराच्या खात्यात धरण्याची पद्धत आहे.

मोजणी चोख केली तरी फरक उरतोच, आणि खरे महत्त्व त्या उरलेल्या फरकाचे आहे. तान्ह्या मुलाला, कुपोषिताला, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेल्याला धोका जास्त. भारतातल्या 2005 च्या बालमृत्यूंच्या अभ्यासात गोवराने मुलांपेक्षा मुली जास्त दगावल्याचे दिसले. हा फरक विषाणूने केला असे मानणे कठीण आहे. गिनी-बिसाऊत काम करणाऱ्या पीटर आबी यांना आणखी एक गोष्ट आढळली. बाहेरून लागण घेऊन आलेल्या मुलापेक्षा त्याच्याकडून घरातच लागण झालेली भावंडे जास्त मरत होती. दाटीच्या खोलीत विषाणूचा मारा दीर्घ आणि मोठा होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडीसारख्या गावाला ही गोष्ट थेट लागू पडते. कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कुटुंबे येतात आणि एकेका भाड्याच्या खोलीत राहतात. लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा दीड वर्षाच्या आसपास असतो. मधल्या काळात बिऱ्हाड हलले की दुसरा सहज राहून जातो. शिवाय आजारी मूल घेऊन आई गावी गेली, तर ते रुग्णांतही मोजले जात नाही आणि मृत्यूंतही नाही. अशा गावासाठी तालुक्याची किंवा जिल्ह्याची सरासरी वापरणे चुकीचे ठरते.

सणसवाडीपासून जवळच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आहे. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांत 2002 पासून त्याचे कार्यकर्ते ठरावीक काळाने दारोदार जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपतात. घरात मृत्यू झाला असेल तर नातेवाइकांना शेवटच्या आजाराची लक्षणे विचारली जातात: ताप कधी आला, पुरळ उठले का, धाप लागली का. डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. अशा नोंदींत भाड्याची खोली सोडून गेलेले कुटुंबही तारखेसह दिसते, त्यामुळे कोणत्या दिवशी गावात नेमकी किती मुले होती, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.