इंग्लंडातील कौन्सिलच्या घरांचे भाडे

आपल्याकडील नगरपालिकेसारखी इंग्लंडात 'कौन्सिल' असते. १९१९ च्या ॲडिसन कायद्यापासून तेथील कौन्सिलांनी सामान्य माणसासाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली. घर कौन्सिलचे, भाडे घेणारी तीच, गळके छप्पर दुरुस्त करणारीही तीच. तेव्हा भाडेही तीच ठरवीत असणार, असे श्रोत्यांस वाटेल. कायद्यात तसे लिहिलेही आहे. परंतु दोर असतो तो लंडनच्या सरकारच्या हाती.

१९७२ साली हीथ सरकारने कायदा करून कौन्सिलांना भाडी वाढविण्यास भाग पाडले. डर्बीशायरमधील क्ले क्रॉस या लहानशा गावच्या ११ सभासदांनी साफ नकार दिला. त्यांना भरपाईचा दंड झाला व सभासदत्वही गेले.

आजची पद्धत २००२ पासूनची आहे. ती भाडेकरूचा खिसा पाहत नाही, घर पाहते. देशाचे एक सरासरी भाडे धरावयाचे. त्यातील ७० टक्के भाग त्या परगण्यातील कामगारांच्या कमाईच्या मानाने कमीजास्त करावयाचा आणि निजण्याच्या खोल्या मोजून त्याला गुणावयाचे: तीन खोल्यांना १, दोनला ०.९५, एकीला ०.९०. उरलेला ३० टक्के भाग घराच्या किमतीप्रमाणे. किंमत कोणती? तर जानेवारी १९९९ ची! लंडनमध्ये त्यानंतर किमती कितीतरी पटींनी चढल्या. सूत्राला त्याची दादच नाही. आमच्या मते भाडेकरूचे खरे संरक्षण या जुन्या आकड्यात आहे.

मग भाडे वाढते कसे? सप्टेंबरचा महागाईचा आकडा घ्यावयाचा, त्यात एक टक्का मिळवावयाचा. पुढील एप्रिलपासून त्याहून अधिक वाढ करता येत नाही. भाडेकरूला निदान चार आठवडे आधी नोटीस द्यावी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई १०.१ टक्के निघाली. नियमाने ११.१ टक्के वाढ झाली असती, म्हणजे आठवड्याला ९० पौंड भरणाऱ्याला सुमारे १० पौंड. सरकारने मर्यादा ७ टक्क्यांवर आणली.

ही दया नेहमीच भाडेकरूवर असते असे मात्र नाही. २०१३ मध्ये सरकारने हा 'महागाई अधिक एक'चा नियम २०१५ पासून दहा वर्षे राहील, असे सांगितले होते. एकच वर्ष गेले आणि २०१६ पासून चार वर्षे भाडे दरसाल एक टक्का घटविण्याचा हुकूम निघाला. शंभर पौंडांचे भाडे ९६ वर आले. भाडेकरूचा फायदा झाला म्हणावे, तर अनेकांचे भाडे पूर्णतः वा अंशतः सरकारी साहाय्यातूनच भरले जाते. त्यांच्या हाती काही उरले नाही. बचत झाली ती सरकारी तिजोरीची. तूट पडली ती कौन्सिलच्या घरखात्यात. हे खाते १९९० पासून वेगळे असल्यामुळे इतर करांतून तेथे पैसे वळविता येत नाहीत. दुरुस्ती, रंग, नव्या खिडक्या, कर्जाचे व्याज, सारे मुख्यतः भाड्यातूनच भागवावयाचे. ज्या भाडेकरूचे भाडे तिजोरी भरते, त्याच्या वाट्याला या घटीतून आली ती लांबलेली दुरुस्ती.

एप्रिल २०२६ पासून 'महागाई अधिक एक' हा नियम पुन्हा दहा वर्षांसाठी ठरविला आहे. पहिल्या वर्षाची मर्यादा ४.८ टक्के.