हात आपले : भाग ५ — नखाच्या मुळाशी

मागच्या रविवारी आपण नखाची रचना पाहिली. दिसतं ते नख निर्जीव, केराटिनचं. त्याचं जिवंत मूळ कातडीखाली. आज त्याच माहितीच्या आधारावर घरच्या घरी पार्लरसारखं मॅनिक्युअर करू या.

आधी माझी चूक सांगते. पुतणीच्या हळदीला जायचं म्हणून मी एका पार्लरमध्ये हात करून घेतले. नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, तिथे कापून काढली. मीही अडवलं नाही, कारण हात फार देखणे दिसत होते. तिसऱ्या दिवशी अनामिकेला नखुरडं झालं. बोट इतकं ठणकलं की रात्रभर डोळा लागला नाही. शेवटी डॉक्टरांनी पू काढला. काही आठवड्यांनी त्याच नखाच्या मुळातून एक आडवी खाच वर आली. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. ती खाच टोकापर्यंत सरकून नेलकटरखाली येईपर्यंत जवळपास सहा महिने गेले.

खिडकीच्या काचेभोवती लांबी भरतात ना, तसंच काम ही कातडी करते. नख आणि बोट यांच्यातली फट ती बंद ठेवते. ती कापली की भांड्यांचं पाणी, मासळीचं पाणी, जंतू, सगळ्यांना वाट मिळते. म्हणून आजचा पहिला नियम : क्युटिकल मागे सारायची, कापायची नाही.

तयारी

साहित्य थोडंच लागतं. १८० ते २४० नंबरची फाइल, टोकाला कापूस गुंडाळलेली लाकडी काडी, रिमूव्हर, बेस कोट, आवडीचा रंग आणि टॉप कोट. वेळ मात्र विचार करून निवडा. मी रविवारी दुपारची जेवणं उरकली की बसते, म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत हात मोकळे राहतात.

जुना रंग काढताना रिमूव्हरचा बोळा नखावर दहा सेकंद दाबून धरा आणि टोकाकडे एकदाच ओढा. घासत बसलं तर रंग कडेच्या कातडीत शिरतो. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं. गॅस किंवा देवापुढचं निरांजन जवळ असताना बाटली उघडू नका.

फाइल कोरड्या नखावरच चालवायची, कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेनं. करवतीसारखी मागेपुढे ओढली की नखाचे थर सुटतात आणि टोकाला पापुद्रे येतात. कोपऱ्यांत खोल शिरू नका.

पाणी कमी, धीर जास्त

घरी सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. कोमट साबणपाण्यात हात वीस-वीस मिनिटं बुडवून ठेवले जातात आणि पुसल्या पुसल्या रंग लावला जातो. नख पाणी पिऊन फुगतं. रंग लावल्यावर ते सुकून आकसतं, पण वरचा थर त्याच्याबरोबर आकसत नाही. दोन दिवसांत टवके उडतात आणि दोष बाटलीला दिला जातो. सतत धुण्या-भांड्यांत असलेल्या हातांची नखं ठिसूळ होतात, त्यामागेही हेच भिजणं-सुकणं आहे.

तीन मिनिटं पुरेत. मग काडीनं क्युटिकल हलक्या हातानं मागे सारा. नखावर चिकटलेला पांढरट पापुद्रा आपोआप सुटेल, तेवढाच काढा. कडेला साल निघालं असेल तर ओढू नका. नेलकटरनं बुडाशी कापा. क्रीम चोळा, हात धुऊन पुसा आणि अर्धा तास पाण्याला शिवू नका. शेवटी रिमूव्हरच्या बोळ्यानं प्रत्येक नख पुसून घ्या. तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

रंग

टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. आईच्या पिढीपासून नेलपॉलिशची बाटली कपाटात आहे. पार्लरचा रंगही जवळजवळ तोच असतो, फरक लावण्यात आहे. नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः द्रावकात विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. द्रावक उडून जातं आणि मागे पापुद्रा राहतो. जाड थराचा वरचा भाग आधी सुकतो, आतलं द्रावक कोंडतं, त्यातून बुडबुडे आणि सुरकुत्या येतात. म्हणून दोन पातळ हात द्या, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. बाटली हलवू नका, दोन्ही तळव्यांत फिरवा. पंखा मंद ठेवा.

गडद रंगानं नख पिवळं पडू नये म्हणून आधी बेस कोट. रंगाचा कुंचला कातडीपासून केसभर दूर ठेवून मध्ये एक, दोन्ही कडांना एकेक असा ओढा. टॉप कोट देताना नखाच्या टोकाची धारही कुंचल्यानं झाका. टवका तिथूनच उडायला लागतो. पनवेलहून लोकलनं सव्वा-दीड तास कडी धरून जाणाऱ्यांनी हे विसरूच नये. बोट लावून रंग कोरडा वाटला तरी आतून घट्ट व्हायला काही तास जातात. लगेच झोपलात तर चादरीची वीण नखावर उमटते.

जेलचा दिवा मात्र घरी आणू नका. न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती जन्मभर राहू शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर रंग आधी काढा. गडद रंगामुळे ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो.

रंग नको असेल तर

आमच्या सुकापूरच्या घरी तांदळाची भाकरी रोज होते, ती सासूबाईंच्या हातची. रंग त्यांना नको, आणि पिठात टवका पडेल म्हणून मलाही नको. गेल्या रविवारी त्यांचे हात घेतले. नखं बोटाच्या टोकाबरोबर घासली, क्युटिकल सारली, मुळाशी खोबरेल जिरवलं. नखांना हळदीचा पिवळेपणा होता. लिंबू चोळलं असतं तर भेगांना झोंबलं असतं, म्हणून त्यांना गॅलरीत उन्हात बसवलं. हळदीचा रंग उन्हानं विटतो.

संध्याकाळी त्यांनी उकड मळली, भाकऱ्या थापल्या, हात धुतले आणि बोटं उजेडात धरली. एरवी त्या काडीनं नखाखालचं पीठ काढत बसतात. त्या दिवशी काडी लागली नाही.

(पुढच्या रविवारी : पाय, पावसाळा आणि चिखल्या)