तीन पाण्यांतलं धुणं

मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. त्यामुळे यंत्रांचा आणि माझा संबंध आजवर बटण दाबण्यापुरताच आला. कविता वाचायला बोलावतात तेव्हा मी निर्धास्त असतो, पण वॉशिंग मशीन कसं निवडावं यावर बोला म्हटल्यावर क्षणभर गोंधळलो. मग वाटलं, गेल्या वर्षी या एका खरेदीपायी मी महिनाभर जी वणवण केली, तीच सांगावी. निदान तुमची तरी चुकेल.

आमचं जुनं मशीन वरून कपडे टाकायचं, अकरा वर्षांचं. रमजानच्या पंधरा दिवस आधी ते पिळताना घरघरू लागलं. नंतर असा आवाज की शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात गिरणी टाकली का? एरवी मी चार दिवस चालढकल केली असती. पण आमच्याकडे अम्मी अंथरुणावर आहे. वय ब्याऐंशी. रोज दोन-तीन चादरी, दुपटी, तिचे कपडे. पत्नीचं मनगट दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून मोडलेलं. ओली चादर तिला पिळवत नाही. मी दोन दिवस हातानं धुऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी अम्मीनं पाणी प्यायचं कमी केलं. कारण विचारलं तर बोलेना. अंथरूण कमी भिजावं, आपल्यापायी लेकाला धुवायला लागू नये म्हणून ती तहान मारत होती. त्या दिवशी मी मेकॅनिकला फोन केला.

हा मेकॅनिक तरुण पोरगा, आमच्याच पेठेतला. त्यानं मशीन उघडलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. ड्रमचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो, त्याच्यापुढे पाणी अडवणारं एक रबरी सील असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग गंजतं आणि मग ही घरघर. दुरुस्तीचा आकडा त्यानं सांगितला तो नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त होता. म्हणाला, "काका, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी फेकणारा पंप, पट्टा, दाराचं रबर असलं काही गेलं असतं तर मीच म्हटलं असतं, दुरुस्त करा. बेअरिंग, टब किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला आणि मशीन दहा वर्षांचं असलं, तर विचार करा." आणि एक वाक्य जोडलं ते मला फार पटलं. "दुकानदार मशीन एकदाच विकतो. मी ते दहा वर्षं उघडतो. मला विचारून घ्या."

तरी मी आधी दुकानातच गेलो. माणसाचा स्वभाव. तिथल्या मुलानं पहिला शब्द उच्चारला तो 'इन्व्हर्टर'. माझ्याबरोबर आलेले निवृत्त मास्तर खूश झाले, म्हणजे लाइट गेले तरी धुणं चालू! मुलानं त्यांचा गैरसमज दूर केला नाही, म्हणून मी करतो. मशीनमधला इन्व्हर्टर म्हणजे मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. वीज वाचते, आवाज कमी होतो, कार्बन ब्रश नसल्यानं ते बदलण्याची कटकट नसते. बॅटरीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरा शब्द 'दहा वर्षांची वॉरंटी'. ही दहा वर्षं बहुधा फक्त मोटारीची असतात. अख्ख्या मशीनची दोनेक वर्षांची, कुठे चारची. आणि मोटार सहसा जात नाही. जातो तो बोर्ड. वॉरंटीचा कागद दुकानातच उभ्यानं वाचावा, मागे लोक खोळंबले तरी. तिसरी गोष्ट तारे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. हे तारे त्या ब्युरोचे. मशीन किती काटकसरीनं चालतं ते त्यावरून कळतं. ते किती वर्षं चालेल हे तारे सांगत नाहीत.

प्रकार तीनच. दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक, वरून कपडे टाकायचं फुल्ली ऑटोमॅटिक आणि समोरून दार असलेलं फ्रंट लोड. टिकाऊपणाचाच विचार केला तर दोन टबांच्या मशीनला तोड नाही, असं माझं मत झालं आहे. साधा किल्लीसारखा फिरवायचा टायमर, बोर्डाची भानगड कमी, नळाला दाब नसला तरी बादलीनं पाणी ओता, कुठल्याही गावात दुरुस्त होतं. बिऱ्हाड लहान असेल, हातपाय धड असतील, तर खुशाल तेच घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. पण त्यात ओले जड कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात टाकावे लागतात, खळबळणंही आपणच करायचं. पत्नीचं मनगट आडवं आलं.

उरली दोन. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या सोलापुरात पाण्याचा विषय काढला की पाहुणेसुद्धा गप्प होतात. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं आणि गच्चीवरची टाकी हजार लिटरची. वरून कपडे टाकायच्या मशीनला एका वेळच्या धुण्याला साधारण शंभर ते दीडशे लिटर पाणी लागतं. फ्रंट लोडला पन्नास ते सत्तर. कारण पहिल्यात कपडे पाण्यात बुडवून घुसळतात. दुसऱ्यात ड्रम आडवा असतो, कपडे वर उचलले जाऊन थोड्या पाण्यात आपटतात, आपल्या धुण्याच्या दगडासारखे. दिवसाला दोन धुणी धरली तर चार दिवसांत पहिलं मशीन एकटंच टाकी रिकामी करणार. शिवाय फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायची सोय असते. आजारी माणसाच्या चादरी साठ अंशाच्या पाण्यात निघाल्या तर बरं. फक्त रक्ताचा वगैरे डाग असेल तर आधी गार पाण्यातून काढावा. थेट गरम पाण्यात टाकला की तो पक्का बसतो.

आणि आता ज्यासाठी मी दुकानदाराला तीनदा विचारलं ती गोष्ट. अम्मी आजही बिछान्यावर बसून नमाज पढते. घाण लागलेला कपडा तीन पाण्यांतून काढायचा आणि दर वेळी पिळायचा, तेव्हा तो पाक होतो, हे आमच्या हनफी घरांत लहानपणीच शिकवतात. जुन्या मशीनवर तिचा कधी विश्वास नव्हता. पत्नी तिच्या समाधानासाठी मशीनमधून निघालेलं पुन्हा एकदा बादलीत काढायची. नव्या मशीनमध्ये खळबळण्याची संख्या वाढवता येते का, प्रत्येक पाणी सोडल्यावर ते कपडे फिरवून पिळतं का, हे मला पाहायचं होतं. दुकानातला मुलगा म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नाही. मग त्यानं माहितीपुस्तिका काढली. जादा खळबळीचं बटण होतं. हे बटण सगळ्यांनीच बघावं. लहान बाळाचे कपडे असोत, कुणाच्या कातडीला पावडर सोसत नसो, किंवा पाणी जड असो, एक पाणी जास्त लागतंच.

मी पैसे द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात मेकॅनिकचा फोन. "काका, टाकीपासून नळापर्यंत उंची किती?" मी म्हटलं, टाकी मोठी आहे. तो हसला. पाण्याचा दाब टाकी किती मोठी यावर नसतो, ती किती उंच यावर असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. पुस्तिकेत या मशीनला किमान ०.३ बार दाब हवा असं छापलं होतं, म्हणजे तीन मीटर, दहा फूट. आमचं घर बैठं. गच्चीवरून दोरी सोडून मोजलं, टाकीचा तळ ते मशीनचा नळ सात फूट भरलं. म्हणजे ०.२ बारच्या आसपास. मशीन बसवलं असतं, तर ते पाण्याची वाट बघत थांबलं असतं, काही वेळानं पडद्यावर चुकीचा आकडा दाखवून बंद पडलं असतं, आणि मी कंपनीला शिव्या देत बसलो असतो. वेल्डरकडून चार फुटांचा लोखंडी स्टँड करून टाकी त्यावर चढवली. दाबाचा पंपही मिळतो, पण मोडणारी आणखी एक वस्तू घरात कशाला?

मग पाण्याची जात. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरी कड येते. हेच क्षार गरम होणाऱ्या हीटरवर थरानं बसतात, हीटर वीज जास्त खातो आणि एक दिवस जळतो. आम्ही वाटणी केली: नळाचं पाणी मशीनला, बोअरचं संडासाला आणि अंगणाला. ज्यांना फक्त बोअरच आहे त्यांनी अधूनमधून लिंबूसत्त्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवावं. त्याचं प्रमाण पुस्तिकेत बघावं. आणि पावडर मशीनचीच, कमी फेसाची. हातधुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेसच फेस होतो, कपडे त्यावर तरंगतात आणि मळ तसाच राहतो.

किती किलोचं घ्यावं? पेटीवरचे किलो सुक्या कपड्यांचे असतात. मी आमची सोलापुरी चादर रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली, ती दीड किलोच्या जवळ भरली. ड्रम ठासून भरायचा नसतो, वर वीतभर जागा सोडायची. त्या हिशेबानं आठ किलो बरोबर बसलं. एकटी जड चादर टाकू नये, हेही शिकलो. भिजून ती एका अंगाला गोळा होते, मशीनला तोल सापडत नाही आणि ते पिळायचं नाकारतं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. खरं तर नावाला मी फार महत्त्व दिलंच नाही. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचं नाव एके काळी मराठी घराघरांत होतं. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. नाव मोठं असलं म्हणजे दहा वर्षांनी सुटा भाग मिळेलच असं नाही. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षं उपलब्ध ठेवण्याचं बंधन उत्पादकांवर आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण असं बंधन नाही. तेव्हा मी सरळ तीन सेवा केंद्रांत जाऊन विचारलं: बोर्डाची किंमत काय, दाराच्या रबराची काय, भाग सोलापुरात मिळतो की पुण्याहून मागवता, आणि किती दिवसांत? एका ठिकाणी उत्तर द्यायलाच कुणी नव्हतं. एकानं, आधी मशीन घ्या मग बघू, असं सांगितलं. तिसऱ्यानं मागच्या खोलीतून रबर काढून हातात दिलं. मशीन मी त्याचं घेतलं. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मशीनच्या पाठीवर लिहून ठेवला आहे.

बसवताना दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. हीटरचं मशीन दोन हजार वॉटच्या आसपास वीज ओढतं. त्याला सोळा अँपियरचा वेगळा सॉकेट आणि खरोखरचं अर्थिंग पाहिजे. आमच्या जुन्या घरात तिसरी वायर नुसतीच लोंबत होती, जमिनीत गेलेलीच नव्हती. ओल्या मोरीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. दुसरं, फ्रंट लोडच्या पाठीला प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवू नये. आमच्या एका नातेवाइकाकडे ते राहिले. मशीन पिळायला लागलं आणि चालत दारापर्यंत आलं. काढलेले बोल्ट टाकून देऊ नका, घर बदलताना लागतात. खाली उंदरांसाठी जाळी बसवा, आणि दार धुणं झाल्यावर उघडं ठेवा, नाहीतर रबराच्या घडीत बुरशी धरते.

मशीन अम्मीच्या खोलीला लागून असलेल्या मोरीत बसवलं. पहिल्या दिवशी तिनं खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं. पाणी भरल्याचा आवाज, मग घुसळण, मग पाणी सुटल्याचा आणि फिरण्याचा. ती बोटांच्या पेरांवर मोजत होती. तिसऱ्या पाण्याला तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अब ठीक है." मग पत्नीला हाक मारून तिनं प्यायला पाणी मागितलं.